शाल पांघरलेला मीटर

मी एक जुना वीजमीटर आहे, मित्रांनो. दाराशेजारच्या भिंतीवर माझा मुक्काम. माझ्या काचेवर ओरखडे आहेत आणि पाठीमागच्या फटीत एक पाल सुखाने संसार करते आहे. पण माझं एक वेगळेपण आहे. साधे मीटर घरात आलेली वीज तेवढी मोजतात. मी बाहेर गेलेलीही मोजतो. छपरावर सोलर पॅनेल बसली, त्या दिवशी मला इथे आणलं. माझ्या पडद्यावर एक बाण आत येणाऱ्या विजेचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या विजेचा. दोन्ही न चुकता मोजायच्या, हा माझा नित्यनेम.

घरात काका, काकू आणि त्यांची लहानगी पुतणी. ती सारखे प्रश्न विचारी म्हणून तिला सगळे चौकशीबाई म्हणत.

उन्हाळ्याच्या दुपारी पॅनेल भरपूर वीज करत आणि घराला लागे थोडीच. उरलेली बाहेर जाई. बिलावर ती 'शिल्लक युनिट' म्हणून दिसली की काका हरखून जात. मला थोपटत म्हणत, "पोटात सांभाळून ठेव रे बाबा!" थंडी पडल्यावर तर त्यांनी मला चक्क आपली जुनी शाल पांघरली. का, तर साठा गळून जाऊ नये म्हणून!

थंडीत काकूंची छाती कफाने भरून येई. हीटर कोपऱ्यात गप्प उभा. "शिल्लक अडीनडीला लागेल," काका म्हणत, "आणखी एक स्वेटर घाल."

"आता आणखी घातला तर दारातून आडवं जावं लागेल मला," काकू खोकत खोकत म्हणत.

माझ्या पोटात आकड्यांखेरीज काही नाही, हे मी कसं सांगणार?

मग एका लख्ख दुपारी वीज गेली. काकूंना खोकल्याची उबळ आली आणि वाफेसाठी लावलेली किटली थंड पडली. "हीच ती अडीनड!" म्हणत काका ऐटीत बाहेर आले. त्यांनी शाल ओढली. माझा पडदा काळा ठिक्कर!

"वर ऊन आहे, पोटात साठा आहे, मग वीज कुठाय?" चौकशीबाईने विचारलं.

समोरच्या खांबावर वायरमन काम करत होता. तो हसला. "माझा जीव वाचावा म्हणून बंद आहे, ताई. तुमची वीज तारेत आली तर मलाच झटका बसेल. म्हणून लाइन गेली की तुमची पॅनेलही आपोआप थांबतात."

"आणि साठा?"

"साठा कसला? दुपारची तुमची वीज तेव्हाच शेजारी जाते. त्या शिंपीणकाकूंच्या मशीनवर तिचेच टाके पडतात. संध्याकाळी तुम्ही लाइनवरून वीज घेता, ती दिलेल्या युनिटांतून वजा होते. पण काका, वर्षाचा हिशेब या महिनाअखेर मिटतोय हं. उरलेले युनिट पुढच्या वर्षी मिळणार नाहीत. कवडीमोलाने जातील."

काकांनी शाल झटकली आणि दारात आलेल्या काकूंच्या खांद्यांवर घातली.

"भिंतीला ऊब देत बसलो गं मी."

"भिंतीला खोकला झाला नाही, एवढं मात्र खरं," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, मला शाल नको. माझी काच तेवढी पुसा, दोन्ही बाण नीट पाहा आणि कळलं नाही तर चौकशीबाईसारखं बेधडक विचारा. दुपारी दिलेलं ऊन कुणाच्या तरी कामी येतं. तुमची गरज येईल तेव्हा तुम्हीही संकोच न करता घ्या.

त्या संध्याकाळी वीज आली. हीटर लाल झाला, माझा आत येणारा बाण लुकलुकू लागला. मी मोजत राहिलो आणि कान देऊन ऐकत राहिलो. आतून खोकल्याचा आवाज आला नाही.