पळसाचा माणूस

"भागू, मायले सांगू नोको."

पळसाचं पान देठाशी मोडलं, कट्‌कन आवाज झाला आणि त्यासरशी तो जुना आवाज भाग्यलक्ष्मीच्या कानाशी आला. तिनं दचकून मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं. गुडघाभर वाढलेली कपाशी, तिच्या पलीकडे नाला, आणि बांधावर डोईवर टोपलं घेऊन उभी असलेली शेजारची राहीबाई.

"थांबली काऊन वं? हात चालव. माणूस कराचा हाय आपल्याले, पत्रावळ नाही."

"किती पानं लागतीन, राहीमाय?"

"वर्साचे दिवस जेवढे, तेवढे. अन् फाटकं घेऊ नोको. तुया बापानं कधी फाटकं अंगावर घातलं नाही, कर्ज काढून इस्त्री करे मेला." म्हातारी हसली, मग आपल्याच तोंडातून निघालेल्या शेवटच्या शब्दानं चपापली.

भागू दुसरीत होती तेव्हा तिचे बाबा, माणिकराव, बेल्याच्या बाजाराला म्हणून गेले, ते आलेच नाहीत. त्या दिवशी नाला भरून वाहत होता. कोणी म्हणालं वाहून गेले, कोणी म्हणालं गाडीखाली सापडले. मढं मिळालं नाही. ज्याचं मढं मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, तेरवी घालायची, म्हणजे तो गेला असं गाव धरतं. दरवर्षी कोणी ना कोणी भागूच्या मायला, देवकाबाईला, हे सुचवी. ती सूप पाखडत राही, नाहीतर उठून गोठ्यात जाई. कपाळावरचं कुंकू तिनं एक दिवसही पुसलं नाही.

मग भागूचा बासरच्या कॉलेजात नंबर लागला.

फी सरकार भरणार होतं. त्यासाठी अर्ज होता, आणि अर्जाला उत्पन्नाचा दाखला. संगणकावर अर्ज भरणाऱ्या पोरानं मान वर न करताच तेलुगूत विचारलं होतं, "नान्ना लेरा?" बाप नाही का? भागू म्हणाली, हरवलेत. पोरानं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. हरवलेल्यासाठी त्याच्याकडं रकाना नव्हता. बाप असेल तर बापाचा अंगठा, नसेल तर नसल्याचा दाखला. त्याच्या मधलं काही चालत नव्हतं.

तहसीलचा गिरदावर घरी चौकशीला आला तेव्हा अमृतरावकाकांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा पाजला.

"गाव काय म्हणतं?" गिरदावरानं विचारलं. "गेला म्हणतं का आहे म्हणतं? तेरवी जेवलेले पंच उभे करा, मग मी पंचनामा पुढं पाठवतो. मुदत फार नाही."

काकांनी मान डोलवली. भागूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीचं शिक्षण अडलं नाही पाह्यजे." एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. वावर अजून थोरल्या भावाच्या नावावर अडकून होतं, दाखला मिळाला की वारसाचं नाव चढवायचं विरासतीचं कामही सुटणार होतं, हे त्यांनी गिरदावराला फाटकाशी नेऊन सांगितलं. हळू सांगितलं, पण वाऱ्यानं ते घरात आणलं.

देवकाबाई चुलीपुढं अंबाडी निवडत होती. तिनं देठं एका बाजूला केली, पानं एका बाजूला केली.

"करा मंग पानाचा माणूस," ती म्हणाली. जसं कोणी म्हणावं, भाकरी टाका.

"चाल वं, झाले तेवढे," राहीबाईनं टोपलं सावरलं. चालता चालता ती गुणगुणायला लागली. तिच्या तोंडी ओवी ही भाकरीवरच्या मिठासारखी, प्रसंग कोणताही असो.

*तीन पानांचा पळस, कसा भरला रानात,*
*गेल्या माणसाची सय, भरे घराच्या कोनात.*

"राहीमाय," भागूनं विचारलं, "अन् माणूस जिता असला तं?"

म्हातारीचं गुणगुणणं थांबलं, पाय मात्र थांबले नाहीत.

"तं तोबी जळते. पैनगंगेकाठच्या एका बाईनं केला व्हता. धनी तिकडं सुरतेत गिरणीवर. इकडं पुतळा पेटला, तिकडं त्याले ताप भरला. पाण्यात बसवला तरी अंग पोळे म्हंते. तेरवीच्या आत खबर आली." तिनं वळून भागूकडं पाहिलं. "तू काऊन इचारतं?"

"असंच."

नाल्याकाठी टिटवी ओरडत होती. भागूच्या हातांना पळसाचा चीक लागला होता. तिनं ते ओढणीला पुसले, तरी बोटं एकमेकांना चिकटत राहिली.

तिसरीत असताना सगळं घर बासरला गेलं होतं, काकांच्या शुभांगीला सरस्वतीपुढं पहिलं अक्षर गिरवायला. माय दर्शनाच्या रांगेत होती. भागू हात सोडून पाट्यांच्या दुकानांकडं धावली. लाल चौकटीच्या पाट्या उतरंडीसारख्या रचल्या होत्या, आणि त्यांच्यामागं बाबा बसले होते. अंगावर इस्त्रीचा सदरा. बाजूला एक बाई, तिच्या कडेवर लेकरू. बाबांचा चेहरा पाण्यात ढेकूळ विरघळावं तसा झाला. त्यांनी सगळ्यात वरची पाटी उचलली, भागूच्या हातात दिली आणि वाकून तिच्या कानात तेवढंच बोलले, "भागू, मायले सांगू नोको."

तिनं सांगितलं नाही. पाटी देवळात मिळाली म्हणाली. बासर पुन्हा कधी झालं नाही; मायच कुठलं ना कुठलं कारण काढी. आणि पाटी कधी घरातून दिसेनाशी झाली, ते भागूला आठवत नव्हतं.

दुपार कलताना महाराजांनी नाल्याकाठी पुतळा बांधला. ज्वारीच्या ताटांचे हातपाय, त्यांवर पळसाच्या पानांचं मांस, डोक्याच्या जागी नारळ. देवकाबाईनं ट्रंकेतला सदरा आणला. तो अंगात घातला तशी पानं माणसासारखी दिसायला लागली, आणि भोवतीची माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

"जित्तेपणी एवढा हिरवा नव्हता," कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

राहीबाई एका बाजूला चपटा दगड पुढ्यात ठेवून बसली होती. अग्नी दिल्यावर देवकाबाईच्या हातातल्या बांगड्या त्यावर फुटणार होत्या.

"अग्नी भावानं दिला तरी चालतो," महाराज म्हणाले.

काका पुढं झाले.

"नाही भाऊजी," देवकाबाई म्हणाली. "पोरगीच देईन."

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची पेटती चूड भागूच्या हातात आली. तिला वाटलं, आत्ता या घडीला बासरला कोणीतरी पाट्यांवरची धूळ झटकत असेल, आणि मधेच थांबून कपाळाला हात लावून पाहत असेल. आग चूड खात हाताकडं येत होती. भागूचं कॉलेज त्या आगीच्या पलीकडं होतं. अलीकडं ही कपाशी, हे कोळपं, आणि पुढच्या वर्षी काकांनी पाहिलेलं एखादं स्थळ. तोंड उघडलं तर दाखला गेला. नाही उघडलं तर?

"गेलेल्याच्या आवडीचं काही ठेवायचं असंल तं ठेवा," महाराज म्हणाले.

देवकाबाई वाकली. पुतळ्याच्या उजव्या हाताशी तिनं चुन्याची डबी ठेवली. मग पदराखाली हात घातला आणि एक पाटी काढली. लाल चौकट, एका कोपऱ्यात रंग उडालेला. ती तिनं पुतळ्याच्या छातीवर ठेवली, तिरपी झाली होती ती सरळ केली.

भागूच्या हातातली चूड एकदम खाली कलली. ठिणग्या तिच्याच पायावर पडल्या. ती मायच्या शेजारी खाली बसली. बाकीच्यांना वाटलं, पोरीला रडू फुटलं.

"माय," ती म्हणाली. आवाज पानांच्या सळसळीहून मोठा नव्हता. "बाबा जिते हायेत. बासरले. मी पाह्यलं व्हतं त्यायले."

देवकाबाईनं पाटीवरचा हात काढला नाही.

"मले मालूम हाय."

तिच्या कुंकवाखालची कपाळाची कातडी जराही हलली नाही.

"तुले पाटी देतानी रांगेतून पाह्यला मी त्याले. त्या बाईच्या कडेवरचं लेकरूबी पाह्यलं. मंग वाट पाह्यली. पोरगी आज सांगीन, उद्या सांगीन."

"काय झालं, वहिनी?" काकांनी मागून विचारलं.

"काही नाही भाऊजी. पोरीचा हात कापून राह्यला."

तिनं भागूचं मनगट धरलं. तिच्या बांगड्या भागूच्या हातावर किणकिणल्या. चूड दोघींच्या हातांनी खाली झाली, पानांच्या जवळ, आणखी जवळ. ओली पानं आधी नुसतीच चुरचुरली.

"धर नीट," माय म्हणाली, फक्त तिला ऐकू येईल इतकं. "अन् बासरले गेल्यावर दिसलाच तं, वळख देऊ नोको."