रंगात मार

संयोगितानं आधी कपाटं बघितली आणि मग आक्कासाहेबांना. कपाटं ती पहिल्यांदाच बघत होती. आक्कासाहेबांना नाही.

तेवीस वर्षांत बाई फारशी बदलली नव्हती. अंबाडा तेवढा पिकला होता. मान तशीच होती, समोरच्याचं माप घेताना किंचित मागं जाणारी. त्या मागं गेलेल्या मानेनं एकदा संयोगिताचंही माप घेतलं होतं, गडमुडशिंगीत तिच्या बापाच्या घरी, सतरंजीवर बसून, हातात पोह्यांची बशी धरून.

फोन केला होता आक्कासाहेबांच्या सुनेनं, सौंदर्यानं. स्वयंपाकघरातली सागवानी कपाटं रंगवायची आहेत, दिवसभर घरात आम्ही दोघी बायकाच, तर बाईमाणूस रंगवणार असेल तर बरं, असं ती म्हणाली होती. पत्ता ताराबाई पार्कातला. आडनाव ऐकूनही संयोगिताच्या मनात काही आलं नव्हतं, त्या आडनावाची माणसं कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. दार उघडलं, सुनेच्या मागून ती मान पुढं आली, आणि संयोगिताच्या हातातली रंगांच्या नमुन्यांची पिशवी एकदम जड झाली.

आक्कासाहेबांनी तिला ओळखलं नाही. कशाला ओळखतील? त्यांनी त्या वर्षी मुलासाठी अकरा पोरी बघितल्या होत्या.

तेव्हा पाव्हणे येणार म्हणून तिच्या बापानं, केरबानं, निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला होता. ऐन वेळी रंगारी मिळेना, म्हणून संयोगितानंच पदर खोचला. आयुष्यात पहिल्यांदा ब्रश धरला, आणि दार असं काही उतरलं की शेजारीण मुद्दाम हात लावून बघायला आली आणि बोट निळं करून गेली. पाव्हण्यांनी पोहे खाल्ले. चालून दाखव म्हणाले, तिनं दाखवलं. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. मुलगा, विश्वजित, सगळा वेळ मनगटावरचं घड्याळ फिरवत होता. उंबऱ्यात चपला घालताना आक्कासाहेब म्हणाल्या, "घरी जाऊन कळवतो."

केरबा दीड महिना वाट बघत होता. फोन तेव्हा गावातल्या दूध डेअरीत. रोज दूध घालून झालं तरी तो रिकामी किटली घेऊन तिथंच उभा राहायचा, आणि फोन वाजला की पुढं व्हायचा. कळवलं कुणीच नाही. शेवटी सोयरीक आणणाऱ्या पिराजीलाच राहवेना. गाडीत बसता बसता आक्कासाहेब काय म्हणाल्या होत्या ते त्यानं डेअरीतच, चारचौघांत सांगून टाकलं. दार झकास रंगवलंय, पोरगी रंगात मार खाती.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं. पुढं दोन वर्षं एसटीत पोरं तिला जागा देताना म्हणायची, सरका रे, मार खाल्लेली माणसं उभी हायती. ते तिनं सोसलं. सोसलं नाही ते वेगळंच. एके दिवशी केरबा बाजारातून आला आणि गोरं करणारं क्रीम, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तिच्या कपड्यांच्या ट्रंकेवर ठेवून तसाच गोठ्यात गेला. बापाला वाईट वाटू नये म्हणून ती रोज सकाळी आरशापुढं उभं राहून लावल्यासारखं करायची. केरबा वारला तेव्हा ती ट्यूब ट्रंकेच्या तळाशी होती, सील न तोडलेली.

पुढं तिचं लग्न झालं, आणि चांगलं झालं. ज्ञानू शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. कामावरून काजळीनं माखून आला की त्याच्या शेजारी ती गोरीपान दिसायची, आणि तो हे कौतुकानं सांगायचाही. डब्यात उरलेल्या निळ्या रंगानं तिनं शेजाऱ्यांची खाट रंगवली, मग कुणाचा देव्हारा, मग शाळेची बाकं. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत हात बसला. आता तिच्याकडं रंग फवारायचं मशीन होतं, गाडी होती, नाव होतं. तिचं कशावाचून अडलेलं नव्हतं. एक वाक्य तेवढं परत करायचं राहिलं होतं.

रंग ठरवायला अख्खी सकाळ गेली. संयोगितानं प्लायच्या तुकड्यांवर रंगवून आणलेले नमुने ओट्यावर मांडले. सौंदर्याचा हात आपसूक चिंतामणी रंगावर गेला.

"खालची कपाटं ही, आणि वरची मोतिया," ती हळूच म्हणाली. "साडीला कसे वेगळे काठ असतात, तसं."

सून दुधासारखी गोरी होती. माहेर नेसरीचं. हिच्याच पायी आपल्या दारातून पाव्हणे परत गेले, म्हणून संयोगितानं तिच्यावर चिडायचा मनापासून प्रयत्न केला. पण तेवीस वर्षं या घरात राहूनही ही बाई चमचा काढताना सासूकडं बघून काढत होती. त्या गोरेपणाचं या घरात नेमकं काय झालं होतं ते कळेना, आणि राग काही धरेना.

आक्कासाहेबांना सगळं पांढरं हवं होतं. स्वयंपाकघर कसं गोरं दिसाय पाहिजे, असं त्या तीनदा म्हणाल्या. संयोगितानं कांदालसणाच्या चटणीची आठवण करून दिली. फोडणी काय बघून उडत नाही, खाली गडद असलेलं बरं. बराच वेळ मान मागं ठेवून आक्कासाहेबांनी खालच्या कपाटांना चिंतामणी रंग मान्य केला. वरच्यांना मोतिया. पण कोपऱ्यातलं उंच, कुलपाचं कपाट त्यांचं स्वतःचं. त्यात तूप, काजू, केशर, आणि किल्ली कमरेला. ते मात्र पांढरंशुभ्र.

संयोगितानं कपाटं घासायला घेतली, तेवढ्यात भाजीवाली दारात आली. सौंदर्यानं वांगी निवडून टोपलीत घातली. आक्कासाहेबांनी त्यातलं एक उचललं, उलटंपालटं केलं आणि परत टाकलं.

"वांगं बरं हाय, पण रंगात मार खातंय."

भाजीवाली हसली. सौंदर्या पण हसली, रोजचं ऐकून ऐकून हसतात तसं. मग तिनं संयोगिताला सांगितलं की आमच्या आक्कासाहेबांचं हे ठरलेलं आहे. साडी असो, भाकरी असो, वांगं असो, भिशीतल्या बायका तर आता त्यांच्या आधीच म्हणतात.

संयोगिता पॉलिश पेपर घासत होती, ती घासतच राहिली. ज्या वाक्यानं तिचा बाप किटली घेऊन खाली मान घालून घरी आला होता, ते या बाईनं काही ठरवून मारलंही नव्हतं. जाता जाता टाकलं होतं, वांगं टाकल्यासारखं. ठरवून मारलं असतं तर परवडलं असतं. तिनं एवढा जोर लावला, की पेपर फाटून बोटाचं साल निघालं.

मग ती पाच दिवस काम करत राहिली आणि मनातल्या मनात दुसरंच काम करत राहिली. कपाट बिघडवायला तिला काय लागलं असतं? रंगात थोडं रॉकेल, प्रायमरमध्ये चार थेंब जास्त पाणी. महिन्यात पापुद्रे सुटले असते. पण ब्रश हातात आला की हात तिचं ऐकेना. हाताला चांगलंच काम येत होतं. शिवाय बोल लागला असता सुनेला, रंगवाली तिनं आणलेली.

रस्ता शेवटी आक्कासाहेबांनीच दाखवला.

जुन्या सागवानात तेल असतं, आणि गाठी असतात. त्यावर थेट फिका रंग दिला, तर आतलं तेल दीड-दोन महिन्यांत तपकिरी डाग होऊन वर येतं. म्हणून आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक हात द्यावा लागतो. तो लाकडाचं तोंड बंद करतो. दिसायला मात्र तो काळपट, काकवीसारखा. बाकीच्या कपाटांना तो देऊन झाला होता. संयोगिता कुलपाच्या कपाटाकडं वळली तशा आक्कासाहेब मध्ये आल्या.

"माझ्या कपाटाला हे काळं फासायचं न्हाय."

संयोगितानं सांगितलं की हे आतच राहतं, वरून पांढरंच दिसेल. आक्कासाहेब म्हणाल्या, पांढऱ्याच्या खाली काळं कशाला? आतून पांढरं तर बाहेरून पांढरं. एवढं त्यांना कळत होतं.

एरवी संयोगिता असल्या गिऱ्हाइकाला तीन-तीनदा समजावायची. तरी ऐकलं नाही तर सामान उचलून चालती व्हायची. त्या दिवशी तिनं एकदाच समजावलं. मग ब्रश डब्यावर ठेवला, हात पुसले, आणि विश्वजित नाष्टा करत बसले होते तिथपर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "आक्कासाहेब, लाख दिली न्हाय तर डाग वर येतील. तरी नको म्हणताय न्हवं?"

"एकदा सांगितलं की नको म्हणून."

"वहिनी, ऐकलं न्हवं तुमी? साहेब, तुमी?"

विश्वजितनी ताटातून मान वर न करता हात हलवला. मनगटावर घड्याळ नवं होतं. सौंदर्यानं मात्र संयोगिताकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच, आणि मान डोलावली.

संयोगितानं ते कपाट जीव ओतून रंगवलं. प्रायमरचे दोन हात, पांढऱ्याचे तीन. आरशासारखं झालं. आक्कासाहेबांनी मान मागं नेऊन बघितलं आणि त्यांना नाव ठेवायला काही सापडलं नाही.

डिसेंबर गेला. संयोगिता दुसऱ्या कामांना लागली. पण रोज सकाळी चहा गाळताना तिला ते कपाट आठवायचं. वरणाची वाफ, भाताची वाफ, आणि आतून सावकाश वर निघालेलं तेल. घाई नव्हती. लाकूड आपलं काम करत होतं, तिला नुसतं बसायचं होतं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी दुपारी फोन आला, स्वतः आक्कासाहेबांचा. असशील तशी ये आणि काय करून ठेवलंयस ते बघ. त्यांच्याकडं हळदीकुंकू होतं. पंचवीस बायकांसमोर रंगवालीची हजेरी घ्यायची, असा बेत होता. संयोगितानं असेल तशी जायचं ठरवलं. नखांत रंग, ओढणीवर पुट्टी, अशीच गेली.

बायका स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दाटल्या होत्या. खालची कपाटं, वरची कपाटं कालच केल्यासारखी. मध्ये ते उंच कपाट. अंगभर तपकिरी डाग, गाठींच्या जागी तर काळेच, जसं काही त्याला आतून कुणी सावळं करत आणलं होतं.

"ही ती रंगवाली," आक्कासाहेब म्हणाल्या. "विचारा तिला, हे काय हाय म्हणून."

संयोगिता कपाटापुढं जाऊन उभी राहिली. मान मागं नेली. वरपासून खालपर्यंत बघितलं. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"चालतंय नीट," ती म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं बिजागरीवर बोट फिरवलं, बाजूनं बघितलं, कुलूप हलवून बघितलं. बायका टाचा उंचावून बघत होत्या. आपण काय बघतोय ते प्रत्येकीच्या ध्यानात येत होतं. प्रत्येकीला कधी ना कधी असंच बघितलेलं होतं.

"कपाट चांगलं हाय, आक्कासाहेब. घरंदाज हाय. पण रंगात मार खातंय."

आधी मागची एक म्हातारी हसली, मग सगळ्याच. त्यांचंच वाक्य त्यांनाच, अशी कुजबुज झाली. सौंदर्या वाणाचं ताट घेऊन उभी होती, ती हसली नाही. तिनं पुढं येऊन सांगितलं की लाख द्यायची म्हणत होत्या बाई, आक्कासाहेबच नको म्हणाल्या, मी होते तिथं. एवढं सलग वाक्य तिनं या स्वयंपाकघरात याआधी कधी बोललं असेल, असं तिच्या आवाजावरून वाटलं नाही.

आक्कासाहेबांची मान पुढं आली. संयोगितानं ती पुढं आलेली पहिल्यांदाच बघितली.

"कुणाची गं तू?"

"गडमुडशिंगीच्या केरबाची. तेवीस वर्षं झाली, तुमी आलता आमच्याकडं. निळं दार."

आक्कासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. खूप आत कुठंतरी त्या शोधत होत्या. मग सापडलं.

"दार लई झकास होतं ते," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. आठवलं असावं. कारण त्यांनी बायकांकडं बघितलं नाही, कपाटाकडंही नाही. पदर सारखा केला आणि आवाज उतरवून विचारलं, की हे आता नीट कसं व्हायचं.

संयोगितानं सांगितलं. सगळा पांढरा खरवडायचा, लाख द्यायची, मग परत पांढरा. चार दिवसांचं काम.

"मग कधी येतीस?"

सौंदर्यानं तिला हळदीकुंकू लावलं, हातात वाण दिलं. संयोगिता उंबऱ्यापाशी आली. सावकाश चपला घातल्या, एक, मग दुसरी.

"घरी जाऊन कळवते," ती म्हणाली.

आता आक्कासाहेबांचा फोन रोज येतो, सकाळी दहाच्या सुमारास. सुट्टीच्या दिवशी ज्ञानू घरी असतो. तो म्हणतो, उचल की, म्हातारं माणूस हाय, किती वाट बघंल. संयोगिता ब्रश धूत असते. फोन वाजून वाजून थांबेपर्यंत ती फोनकडंच बघत राहते, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला टिंब देते.

तेहतीस टिंबं झालीत. केरबानं पंचेचाळीस दिवस वाट बघितली होती.

अजून बारा बाकी आहेत.