एकाचं ‘नाही’ पुरे

माझं आणि नणंदेचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लग्नाला तीस वर्षं झाली, पण माझ्या हातचं जवाचं सूप रोझिनाला अजून अळणीच लागतं. तिच्या जिवाचा फैसला माझ्याच तोंडी यावा, ही कसली थट्टा म्हणायची!

रोझिना खिंडीतलं विश्रामघर सांभाळते. हिवाळ्यात एकटीच असते. लहानपणापासून मधुमेह, त्यामुळे इन्शुलिनवाचून चालत नाही. त्या फेब्रुवारीत वादळ तीन दिवस हटलं नाही. तिच्या मागच्या खोलीतली शेगडी बंद पडली आणि इन्शुलिनचा सगळा साठा गोठला. गोठलं की ते वायाच जातं. शेवटची मात्रा तिने आदल्या सकाळी घेतलेली. तिने वायरलेसवर कळवलं, पण अशा हवेत हेलिकॉप्टर उडेना, म्हणून आम्ही बचाव पथकातले चौघं स्कीवरून निघालो. इन्शुलिन माझ्या पोटाशी, लोकरी बनियनच्या आत.

दुपारी एकच्या सुमाराला शेवटच्या उतारापाशी पोचलो. वारा जरा पडला की पलीकडे विश्रामघराचा धूर दिसायचा. मध्ये जेमतेम चारशे मीटर.

दोघं जण खाली झाडीत थांबले. उतारावरचा बर्फ अंगावर कोसळेल का, ते पाहायला मी आणि माझा नवरा कासियान बाजूच्या छोट्या चढाला लागलो, कारण त्याचं तोंडही उताराच्याच दिशेला, म्हणजे बर्फही तसाच. मी बर्फात छातीइतका खड्डा खणला, करवतीने एक खांब सुटा केला, वर फावडं ठेवलं आणि थापट्या मारायला लागले. आधी दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून.

“अकरा,” कासियान मोजत होता. “बारा.”

बाराव्या थापटीला वरचा सगळा थर ड्रॉवर ओढावा तसा सरकून माझ्या मांडीवर आला. खाली जानेवारीतल्या थंडीचा बर्फ, जाड्या साखरेसारखा. मुठीत धरला तर बोटांतून गळून गेला.

 एकदम कासियानने हात वर केला. “ते बघ, बुर्गा!”

उतारावरून पाच रानबकऱ्या सावकाश आडव्या चालल्या होत्या. आमच्या खोऱ्यात म्हणतात, बकरी जाते तिथे माणूस जातो. याच्या बापाने जन्मभर तेच केलं.

“बकरी तीस किलोची,” मी म्हटलं, “आणि तू? पंच्याण्णव! वर पाठीवर पिशवी.”

“एकेक जाऊ. अंतर ठेवू. मी पुढे होतो.”

“आणि गाडला गेलास तर तुला काढायला कोण? त्या बकऱ्या?”

“बहीण आहे माझी, बुर्गा.”

  पथकाचा नियम साधा आहे: चौघांपैकी एकाने ‘नाही’ म्हटलं की परत फिरायचं. का, ते विचारायचं नाही, आणि नंतर कधी बोलून दाखवायचं नाही. पण नणंदेच्या बाबतीत भावजयीने नाही म्हटलं, तर गाव तोंडावर बोलणार नाही, एवढंच. अख्खा जन्म माझ्या पाठीमागे बोलेल. आणि तो? रोज समोर बसून जेवेल.

“नाही,” मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली आणि फावडं आवरायला घेतलं. वायरलेस माझ्या हातात दिला. ते काही त्याच्याने सांगवणार नव्हतं.

“रोझिना, आम्ही उतारापाशी आहोत. बाराव्या थापटीलाच बर्फ सुटतोय. आम्ही येत नाही.” थांबले. मग राहवलं नाही. “मी नाही म्हटलं. मी.”

 खरखरीतून तिचा आवाज आला, जड झालेला. “वहिनी, सकाळपासून दार धरून उभी आहे मी. तुम्ही येताय की काय, हीच धास्ती होती. त्याला घरी ने.”

मी तिथेच बर्फात बसून रडले. तिला म्हटलं, पाणी पीत राहा, पुढच्या खोलीतल्या शेगडीजवळ झोप. याहून जास्त देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ निवळलं आणि हेलिकॉप्टरने तिला बेशुद्ध उचललं. नऊ दिवस इस्पितळात होती. वाचली.

आणि तो उतार? त्यावरचा बर्फ कोसळलाच नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. एप्रिलपर्यंत तिथेच पडून राहिला आणि निमूट वितळला. गावातल्या म्हाताऱ्यांनी तो पाहिला आणि माझ्याकडेही पाहिलं. आपण चुकलो का, हे मला कधीच कळणार नाही.

मे महिन्यात एकदा कासियान कुंपणाचे खांब ठोकत होता. थांबला आणि वर बघत राहिला. तिथे आता हिरवं गवत होतं.

“कोसळला नाही,” तो म्हणाला.

 तीन महिन्यांत तो पहिल्यांदा त्यावर बोलत होता.

त्याने पुन्हा हातोडा उचलला. “पुढच्या वेळीसुद्धा नाहीच म्हण.”