सहज निघालेला डाग

मुलीच्या चादरीवरचा डाग नळाखाली धरल्याधरल्या निघून गेला आणि आई नळ बंद करायचं विसरून त्या ओल्या जागेकडे बघत राहिली. दुसरी एखादी बाई खूश झाली असती. पण ही बाई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत डाग काढायच्या टेबलापाशी उभी राहून केस पिकवलेली. रक्ताचा डाग किती हट्टी असतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तो वाळला की तपकिरी होतो, गार पाण्यात भिजत ठेवावा लागतो, वर चोळून चोळून बोटांची सालं निघतात. हा मात्र वाळूनही लालच राहिला होता, आणि पाणी लागताच गुलाबी होऊन मोरीत वाहून गेला. शाळेच्या रंगपेटीतला रंग! त्यात किंचित काळाही मिसळलेला होता. पोरीनं मेहनत घेतली होती.

आता पाळी आल्याचं सोंग कोणती मुलगी करील? जिची आलेली नाही ती. आणि का आली नाही? या प्रश्नाचं एकच उत्तर आईला ठाऊक होतं, आणि ते मनातल्या मनात उच्चारायचीही तिची छाती होईना.

संशय काही त्या दिवशी उगवला नव्हता. लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली, जिला साऱ्या गावच्या घरांतलं आतलं कळायचं, तिनं मागे आपल्या एका पुतणीची गोष्ट कुजबुजत सांगितली होती. "शाळेतली पोर गं, आणि घरात कुणाला पत्ता नाही. आईला कळलं तेव्हा पोट दिसायला लागलेलं." झालं! तेव्हापासून आई स्वतःच्याच घरात पोलिसासारखी वावरायला लागली. कपाटातलं पॅडचं पाकीट उचलून हलकं झालंय की नाही ते बघायची. मुलगी आंघोळीला गेली की दप्तर उचकायची. पोर ढगळ शर्ट घालायला लागली, तो कशासाठी? दार लावून आरशासमोर बसते, ती कुणासाठी? माझं रेझर बोथट कसं होतं म्हणून वडील कुरकुरले, तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणून त्यांना गप्प केलं, कारण तिचं डोकं भलतीकडेच लागलेलं. आणि मधूनच, डबा भरता भरता, अगदी सहज विचारल्यासारखं, "आली का गं?" मुलगीही तितक्याच सहज म्हणायची, "आली." दोघींच्याही त्या सहजपणात काही राम नव्हता.

ओली चादर तशीच हातात घेऊन आई मुलीच्या खोलीत शिरली. दार मागे ढकललं.

"कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"वेड पांघरू नकोस. हे रक्त नाही. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत धूळ फेक, माझ्या नको. कोण आहे आणि किती महिने झाले?"

मुलीनं चादरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तिला उलगडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. आईनं तोच कबुलीजबाब धरला.

"आई, मी कुठल्या मुलाशी धड बोललेसुद्धा नाहीये!"

"मग हे नाटक कशाला?"

"तुझ्यासाठी! नाही आली म्हटलं की तू माझ्या पोटाकडे बघतेस. मला कळत नाही का? दोन-दोन, तीन-तीन महिने येतच नाही, आणि आली की थांबायचं नाव घेत नाही. पहिल्यापासून असंच आहे. सांगणार होते तुला. पण तू फोनवर त्या इस्त्रीवाल्या मावशीला म्हणालीस, माझ्या पोरीचं असलं काही निघालं तर घराबाहेर काढीन. मी दाराशीच उभी होते."

आई म्हणाली होती खरी. बोलायच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतं.

"आणि हे बघ." मुलीनं हनुवटी वर केली. खाली केसांचे बारीक खुंट होते, एका ठिकाणी कापल्याची खूण. "बाबांच्या रेझरनं काढते. मला दाढी येतेय आई. मला काहीतरी झालंय, आणि तू विचारतेस, कोण आहे तो!"

आईच्या हातातून चादर गळून पडली. तिनं पोरीला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली. "चुकलं गं माझं. विश्वास आहे माझा तुझ्यावर. तुझ्या गळ्याशपथ." त्या घडीला तिला ते मनापासून वाटतही होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती मुलीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाई सगळं मुलीलाच विचारत होत्या. आईनं मध्ये तोंड घातलं की नुसतं बोट वर करायच्या. "सुरुवातीची काही वर्षं पाळी मागेपुढे होते, बऱ्याच जणींची होते," त्या म्हणाल्या. "पण तुझी फारच लांबतेय, वर हे केस. हार्मोन्सची गडबड असू शकते. रक्त तपासू, सोनोग्राफी करू. काही निघालं तर त्यावर उपचार आहेत. यात तुझा काहीही दोष नाही." तेव्हा कुठे मुलगी खुर्चीला पाठ टेकून बसली.

"आणि आधी एक लघवीची तपासणी. दिवस गेलेत का ते बघायची. पाळी चुकली की आम्ही सगळ्यांचीच करतो, मनाला लावून घेऊ नकोस."

"करा की," मुलगी म्हणाली. "मला काय."

नमुना देऊन दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलीनं आईचा हात हातात घेतला होता, आणि आई आतल्या आत स्वतःलाच दटावत होती. शपथ घेतलीस ना काल? मग आता छाती का धडधडतेय? पण दटावून मन थोडंच ऐकतं! नर्स आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. काहीतरी सापडलंय आणि ही बया सांगत नाहीये, असंच आईला वाटत राहिलं.

"काही नाहीये," शेवटी नर्स दारातून म्हणाली. "निगेटिव्ह."

आईच्या तोंडून सुस्कारा निघाला. असा लांबलचक, की पलीकडच्या बाकावरच्या म्हातारीनंही वळून पाहिलं. आईनं ओठ मिटून घेतले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुलीनं हळूच आपला हात सोडवून घेतला.

"काल म्हणालीस ना, विश्वास आहे?"

"आहे गं. आहेच."

"मग आत्ता एवढं हायसं कशाला वाटलं?"

आईला खोटी उत्तरं हवी तेवढी सुचत होती. खरं एकच होतं आणि ते मुलीला कळून चुकलं होतं. आपली आपल्यालाच इतकी लाज त्या बाईला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात नर्सनं रक्त द्यायला हाक मारली. "आईला घेऊन ये हवं तर," ती म्हणाली.

"नको," मुलगी उठत म्हणाली. "एकटीच येते."

लहानपणापासून ती सुईला घाबरायची. सुई टोचेपर्यंत आईनं तिचे डोळे झाकून धरायचे, असा दोघींचा रिवाज होता. आज आई उठली, दारापर्यंत गेली, आणि दार बंद दिसल्यावर बाहेरच उभी राहिली.