थरथर

तेजश्रीला कंपवात झाला, हे महाडात तेजश्रीच्या आधी सगळ्यांना कळलं.

झालं ते असं. दोन वर्षं ती शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. दहावीला गणित शिकवणारी बाई, पण भाजी कुठली करायची एवढं ठरवतानाही तिला रडू फुटायचं. नवरा राजेश वकील. अख्ख्या तालुक्याची रडगाणी ऐकून घेणारा हा माणूस बायकोच्या रडण्याला मात्र नाटकं म्हणायचा. डिप्रेशनच्या दोन-तीन गोळ्या बदलून झाल्या, गुण येईना. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली. नवी म्हणजे जुनीच. ती मुळात कंपवाताची, पण नेहमीची औषधं चालेनाशी झाली की काहींना डिप्रेशनवरही लागू पडते, असं त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं.

राजेश बाजारपेठेत ओळखीच्या दुकानात गेला. दुकानदारानं चिठ्ठी बघून हळहळत विचारलं, वहिनींना या वयात कंपवात? आणि राजेशला सुटल्यासारखं झालं. मनाचं दुखणं सांगायची त्याला लाज होती, हातापायाचं चारचौघांत सांगता येतं. तो हो म्हणून मोकळा झाला.

मग काय विचारता. कालपर्यंत आळशी असलेली बायको एका दिवसात बिचारी झाली. शेजारणी डबे घेऊन आल्या. उमरठची प्रयागबाई, राजेशची आत्या, पोलादपूरला गाडी बदलून खाजकुइलीच्या बिया घेऊन आली आणि मुक्कामच ठोकला. तिच्या नवऱ्याला कंपवात होता, त्यालाही ती या बियांची खीर द्यायची.

गंमत पुढेच आहे. गोळी लागू पडली. एका सकाळी तेजश्रीला चक्क भूक लागली. काही दिवसांनी आमटीला स्वतः फोडणी द्यावीशी वाटली, फळ्यावर समीकरण मांडावंसं वाटलं. पण आता तिला कोणी उठूच देईना. पडून होती तेव्हा सगळे ऊठ ऊठ म्हणत होते, आता उठली की खांदे धरून बसवत होते. विळी लपवली गेली. सांडू नये म्हणून चहा अर्धा कपच मिळू लागला. राजेशनं तर शाळेला परस्पर कळवून टाकलं की बाईंना यापुढे जमणार नाही.

ते कळल्यावर ती संतापली. वर्ग गेला तर आपण पुन्हा त्या भिंतीकडे वळणार, याची तिला मनापासून भीती वाटत होती. खरं काय ते सांगा, म्हणून ती त्याच्या मागे लागली. त्यानं आधी खिडकी लावून घेतली आणि विचारलं, काय सांगू, बायको वेडी आहे म्हणून?

एका दुपारी आत्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"माज्या घरवाल्याचे हात मी त्याच्या मरनापातूर धरल्येत," ती म्हणाली. "तुजे हात थरथरत नाय गो. तुला हाय ते येगळंच हाय."

तेजश्रीनं सगळं सांगून टाकलं. आत्यानं नीट ऐकलं, पदरानं तिचे डोळे पुसले.

"मंग गप ऱ्हा. कंपवात हाय म्हून गोळी मिळतेय तुला. डोस्क्याचं हाय म्हनलीस तर गोळी काढून घेतील नि भगताकडं नेतील."

बोलण्यात माया होती, म्हणून ते जास्तच लागलं.

मे महिन्यात मुख्याध्यापिका अनुपमाबाई घरी आल्या. दहावीचं गणित दुसऱ्या कोणाला द्यायचं का, ते त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. तेजश्रीनं हट्टानं चहा स्वतः केला, काठोकाठ भरलेला कप घेऊन ती बाहेर आली. उत्तर राजेशच देत होता.

"बाई, मला कंपवात नाही," ती मध्येच म्हणाली. "मला डिप्रेशन आहे. गोळी त्याचीच आहे, आणि मी बरी होतेय. वर्ग मला हवाय."

डिप्रेशन हा शब्द त्या घरात पाहुण्यांसमोर ती पहिल्यांदाच उच्चारत होती. इतके दिवस स्थिर राहिलेले हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजू लागला, चहा सांडला. तिच्या तोंडाकडे कोणी बघतच नव्हतं.

अनुपमाबाईंनी घाईनं उठून कप तिच्या हातातून काढून घेतला.

"हल्ली असं काहीतरी बोलतेही," राजेश हळूच म्हणाला.

अनुपमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुम्ही आराम करा, वर्गाचं आम्ही बघतो, असं त्या फार प्रेमानं म्हणाल्या. तेजश्रीनं आत्याकडे पाहिलं. आत्या खाली बसून फडक्यानं चहा पुसत होती, आणि लादी कोरडी झाली तरी तिनं मान वर केली नाही.