तातेरावानं ऐकलेली हाळी

थांब, मधी बोलू नको, निस्तं ऐक. दोन हजार दोनचं साल. आपली इंद्रायणी नवी नवी वकील, अन् जालन्याच्या कोर्टात फास्ट ट्रॅक नुकतंच सुरू झाल्तं. पह्यले कसं, वकिलानं हात जोडले की महिन्याची तारीख मिळायची. आता रोजच्या रोज साक्षी. त्यात तिला पह्यलाच खुनाचा खटला, सरकारनं गरिबाला दिलेली वकील म्हणून. कागद हातात पडले साक्षीच्या आदल्या दिवशी.

आरोपी मल्हारी, तीर्थपुरीकडचा मेंढपाळ. मेंढरं उसात शिरली म्हणून दिवस मावळताना भांडण झालं, अन् उसाचा राखणदार काठीच्या घावानं मेला. काठी मल्हारीच्या घरातली. साक्षीदार एकच, तातेराव.

"चेहरा न्हाई दिसला साहेब, ऊस आडवा व्हता," तातेराव सकाळी साक्षीत म्हणला. "पण मंग मेंढरांना हाळी दिली ना, ती मल्हारीची. आंधळा बी वळखंल."

दुपारच्या सुट्टीत इंद्रायणी लिंबाखाली मल्हारीच्या मायजवळ जाऊन बसली. आसराबाई भाकर मोडता मोडता म्हणली, "हाळी व्हय? ती माझ्या सासऱ्याची. दोन्ही पोरांची बराबर तशीच. मेंढरं बी फसतात, बाई."

धाकटा कडूबा बाजूलाच बसल्ता. इंद्रायणीनं इचारलं, "त्या दिवशी मेंढरामागं कोण होतं रे?"

त्यानं घास खाली ठेवला अन् पाणी पिऊन येतो म्हणून उठून गेला.

इंद्रायणीच्या ध्यानात आलं. एकच सवाल, ही हाळी दुसरं कोणी देतं का, अन् मल्हारी सुटला. पळतच वर गेली, पोलिसाला विनवलं, मल्हारीला हळूच सांगितलं.

"कडूबाचं नाव घ्यायचं न्हाई, ताई. त्याला दोन लेकरं हायेत. मी सडाफटिंग."

"तू केलंस का, तेवढं तरी सांग."

"ते तुम्हाला कशाला पायजे?"

कोर्ट बसलं. तिनं तारीख मागितली. जजसाहेबांनी घड्याळाकडं पाह्यलं. "तारखा विसरा आता, वकीलबाई. साक्षीदार उभा आहे, विचारा."

तिनं अंतर इचारलं, उजेड इचारला. तातेराव बिलकुल हलला न्हाई. मागं मल्हारी हात जोडून उभा. दारात आसराबाई, 'इचार, इचार' अशी मान हलवून राह्यली. आपण काय सांगून बसलो याचा तिला पत्ताच न्हाई. तिच्या मागं कडूबा, नजर फरशीवर. सवाल इंद्रायणीच्या ओठापर्यंत आल्ता.

"आणखी काही?" जजसाहेब म्हणले.

"प्रश्न नाहीत, साहेब." अन् ती खाली बसली.

आठव्या दिवशी मल्हारीला जन्मठेप. कोर्टाच्या पायऱ्यांवर आसराबाईनं तिचा हात धरला, "बाई, हाळीचं इचारलं का न्हाई?" इंद्रायणी तिच्या खांद्यावरून कडूबाकडं बघत राह्यली, अन् तो तिच्याकडं.

आता तू सांग. तो काळा कोट तुझ्या अंगावर असता, तं तू काय केलं असतंस?