पेपिनोचा बुजरेपणा

नींदीरी गावात ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात मांस वर्ज्य, पण इग्वाना, म्हणजे घोरपडीसारखा झाडावरचा सरडा, चालतो. तो माशांत जमा. म्हणून राखेच्या बुधवारी, उपास सुरू झाले त्याच दिवशी, दोन्या त्रान्सितोने सुनेकडे, एर्मेलिंदाकडे, एक इग्वाना धाडला. पाय बांधलेला, शेपूट सोडली तर वीतभरच, काकडीसारखा हिरवागार. सोबत निरोप : ‘कोवळा आहे अजून. खाऊपिऊ घाल. उपास संपत आले की झावळ्यांच्या मिरवणुकीच्या रविवारी मी मसाला वाटून आणते.’

एर्मेलिंदाने दोरी सोडली, त्या थरथरत्या जिवाकडे पाहिलं, आणि तिथंच घोटाळा झाला. तिने त्याचं नाव ठेवलं पेपिनो, म्हणजे काकडीच. आता नाव ठेवलेल्याला रश्श्यात कसं सोडायचं?

तिने भीतभीत सासूला फोन केला. "आई, हा आता घरचाच झालाय हो."

"घरचा?" सासू खदखदून हसली. "घरचं लेकरू हातचं खातं. माझ्यादेखत हातचं खाल्लंन् तर जीवदान. नाहीतर पातेलं मी आणते, कांदा तू चीर."

पण पेपिनोला हात दिसला की तो सरळ अंगणातल्या आंब्यावर! शेजारीण पास्तोराने निदान केलं, "अगं, भय लागलंय त्याला. लेकराचं उतरवतो तसं उतरव."

लेकराचं कसं उतरवतात ते सगळ्या गावाला ठाऊक. एर्मेलिंदाने सतापाची डहाळी घेतली, देवाचं नाव घेतलं, तोंडात उसाच्या दारूचा घोट धरला आणि पेपिनोवर फुर्रर्र केलं. त्याने तिच्या नाकावर शेपटीचा फटकारा मारला नि थेट कौलांवर गेला. दोन दिवस खाली नाही.

"भय कुणाचं उतरलं गं?" नवरा एलिसेओने विचारलं.

"गप बसा हो, ठसका लागलाय."

"उपासाच्या दिवसांत तोंडाला दारूचा वास! पाद्रीबाबांना काय सांगशील?"

मग मात्र तिने सगळे उपाय सोडले. रोज दहाच्या उन्हात अंगणात बसून जपमाळ ओढायची, हा तिचा नेम होताच. आता ती डावा तळहात गुडघ्यावर उघडा ठेवी, त्यात जास्वंदीचं फूल. वरून हात न्यायचा नाही, कारण घार वरूनच येते. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. ओठ तेवढे हलत राहायचे. पहिल्या आठवड्यात तो भिंतीवर थांबला, तिसऱ्यात तिच्या पायाच्या अंगठ्यावर चढला, आणि पाचव्यात फूल ओढून घेऊन गेला! त्या दिवशी तिची माळ दोनदा चुकली. देवाने मनावर घेतलं नसावं. पण सारं काही एकांतातच. एलिसेओ नुसता शिंकला तरी पेपिनो गायब.

रविवारी दोन्या त्रान्सितो पातेलं घेऊन हजर. खुर्ची ओढून बसली. "हं, दाखव."

एर्मेलिंदाने फूल धरलं. पेपिनो भिंतीवरून मान हलवून बघतोय, येत मात्र नाही.

"सूनबाई, कांदा घे."

इतक्यात मिरवणुकीच्या आतषबाजीचा बाण घरावर धडाडधूम फुटला. पेपिनो उधळला, पण आंब्याकडे नाही! भिंतीवरून खाली, तिच्या पायावरून, झग्यावरून, खांद्यावरून थेट डोक्यावरच्या ओढणीत! नखं केसांत घट्ट.

"काढ बाहेर," सासू म्हणाली.

"निघत नाही, आई." एर्मेलिंदाला हसू आवरेना. "गुदगुल्या होताहेत!"

"चल मग तशीच. मिरवणूक चुकायला नको."

मिरवणुकीत गाणं चालू, पाद्रीबाबा तीर्थ शिंपडताहेत, आणि ओढणी हलतेय. एक हिरवं नाकाड बाहेर आलं. दोन्या त्रान्सितोच्या हातातल्या झावळीत चाफ्याची फुलं ओवली होती. पेपिनोने मान लांबवली आणि एक फूल मटकावलं. मग दुसरं.

"अगं बाई! खातोय गं! माझ्या हातचं!" भर गाण्यात सासूबाईंचा आवाज चढला.

"मग आई, रस्सा?"

"कसला मेला रस्सा! ओढणी सावर आधी, धक्का लागेल त्याला. पाद्रीबाबा, इकडेही दोन थेंब!"